अकरा महिन्यांची परवानगी

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका वास्तुशांतीला गेलो होतो. पूजा आटोपली, पंगत बसली आणि मसालेभात दुसऱ्यांदा फिरेपर्यंत नेहमीचं भांडण सुरू झालं. एका बाजूला निवृत्त काका: "भाडं म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे. तेवढ्यात स्वतःच्या घराचा हप्ता जातो." दुसऱ्या बाजूला आयटीतला एक पुतण्या, त्याने मोबाइलवर एक्सेल उघडलेलंच होतं: "काका, आज पुण्यात घर घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. भाड्याने राहा, उरलेल्या पैशांची एसआयपी करा आणि पन्नाशीत घर रोखीने घ्या." दोघांच्या मधल्या पाटांवर माझी भाची आणि तिचा नवरा खाली मान घालून जेवत होते, कारण भांडण त्यांच्यावरूनच पेटलं होतं. दोघंही तिशीच्या आसपासची, दोघांनाही पुण्यात नोकरी, आणि गेले आठ महिने दर रविवारी घरं बघत हिंडतायत. भांडणात त्यांना कोणी काही विचारलं नाही.

हा वाद आता घरोघरी चालतो, आणि मला वाटतं तो फार वाईट रीतीने चालतो. काका आणि पुतण्या एकमेकांवर कितीही चिडले तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे: घर ही गुंतवणूक आहे, आणि ती चांगली की वाईट एवढंच ठरवायचं आहे. माझं म्हणणं असं की तिशीतलं जोडपं वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतं ते गुंतवणुकीच्या हौसेने घेत नाही. "पुढच्या जूनमध्ये आपण कुठे राहत असू?" या प्रश्नातून सुटण्यासाठी घेतं. भाड्याने राहणाऱ्याला हे उत्तर मिळण्याची सोय आपल्या राज्यात आपण ठेवलेलीच नाही. म्हणून 'घ्यावं की घेऊ नये' हा सल्ला त्या दोघांना देण्यात काही हशील नाही. प्रश्न आपल्या भाड्याच्या कायद्याचा आणि धोरणाचा आहे, आणि तो पंगतीत कधीच निघत नाही.

आधी पुतण्याला त्याचं श्रेय देऊ, कारण हिशोबात तो चुकत नाही. भाचीने पुनावळ्यात पाहिलेला एक टू बीएचके घ्या. करारातली किंमत ७५ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी सव्वापाच लाख, नोंदणी फी ३० हजार, बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी म्हणजे पावणेचार लाख. मेंटेनन्सचे आगाऊ पैसे, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, पडदे हे सगळं सोडून दिलं तरी आकडा ८४ लाख ३० हजारांवर जातो. बँक किमतीच्या ८० टक्के देते, म्हणजे ६० लाख. उरलेले चोवीस लाखांहून जास्त पैसे घरचे घालायचे. साठ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी धरलं तर हप्ता बसतो ५२ हजारांच्या थोडा वर. पहिल्या हप्त्यातले साडेबेचाळीस हजार निव्वळ व्याज असतं, मुद्दल फिटते साडेनऊ हजारांची. वीस वर्षांत साठ लाखांचे सव्वा कोटी भरले जातात. आणि तशाच घराचं तिथलं भाडं? चोवीस हजार. काकांचं 'तेवढ्यात हप्ता जातो' हे वाक्य ज्या काळी खरं असेल तो काळ गेला. आज हप्ता भाड्याच्या दुप्पट आहे. घराच्या किमतीवर भाडं सुटतं चार टक्क्यांच्याही आत आणि कर्ज साडेआठ टक्क्यांचं. नव्या कररचनेत राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांची वजावटही मिळत नाही. निव्वळ आकडेमोडीत पुतण्या जिंकला, हे मान्य.

पण त्या एक्सेलमध्ये एक गृहीतक लपलेलं आहे. त्याच्या रकान्यात भाडं २४० महिने सलग भरलं जातं, जणू माणूस वीस वर्षं एकाच घरात राहणार आहे. प्रत्यक्षात भाचीच्या लग्नाला सहा वर्षं झाली आणि हे तिचं चौथं घर. पहिल्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. दुसऱ्याने घर विकायला काढलं, आणि दोन महिने दर शनिवारी अनोळखी माणसं हिची न्हाणीघरं, कपाटं उघडून बघत होती. तिसऱ्याने करार संपताना एकदम पाच हजार वाढवून मागितले. दर वेळी एजंटला एका महिन्याचं भाडं, ट्रकवाल्याला वेगळे, आणि जुना मालक 'रंगाचे' म्हणून डिपॉझिटमधून कापून घेतो ते निराळेच. गॅसचा पत्ता बदला, आधारचा बदला, पोलीस पडताळणी करा. कराराच्या दिवशी एक पोरगा पाठीवर सॅक घेऊन येतो, डायनिंग टेबलावर लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र मांडतो, दोघांचे फोटो काढतो, "मॅडम, अंगठा थोडा पुसून घ्या" म्हणतो, आणि दहा मिनिटांत पुढचे अकरा महिने पक्के होतात. तिच्या सध्याच्या घरात सहा कॅलेंडरं आणि लग्नाचा फोटो भिंतीला टेकवून जमिनीवर उभे आहेत, कारण खिळा मारायचा नाही हे करारातच लिहिलंय. आता तिला मूल हवंय, आणि बालवाडी घराजवळ असावी असं वाटतं. कुठल्या घराजवळ?

हे अकरा महिने कुठून आले, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती कटकट आणि खर्च टाळायला अकरा महिन्यांची पळवाट निघाली. गंमत अशी की महाराष्ट्रात ती पळवाट केव्हाच बंद झाली. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार आपल्याकडे प्रत्येक करार नोंदवावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असो की साठ. साठ महिन्यांपर्यंतच्या 'लिव्ह अँड लायसन्स' कराराला मुद्रांक शुल्क लागतं एकूण भाड्याच्या पाव टक्का. म्हणजे पाच वर्षांचा करार करायला कोणाचीच हरकत नाही. तरी आकडा अकराच राहिला. मालकाला तो सोयीचा आहे आणि भाडेकरूला विचारतो कोण?

आणि भाडेकरू हा शब्दसुद्धा मी सवयीने वापरतोय. कायद्याच्या भाषेत भाची भाडेकरू नाहीच. ती 'लायसन्सी' आहे, परवानगीवर राहणारी. या परवानगीची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून येते. हा कायदा मुख्यतः शेजाऱ्याच्या जमिनीवरून जायची वाट, पाण्याचा पाट, उजेड-वाऱ्याचा हक्क असल्या गोष्टींचा. तिथे परवानगी म्हणजे असं कृत्य करण्याची मुभा जे एरवी बेकायदा ठरलं असतं, आणि जिच्यातून त्या मालमत्तेत कसलाही हितसंबंध तयार होत नाही. दुसऱ्याच्या बांधावरून बैलगाडी नेणारा माणूस आणि चोवीस हजार रुपये महिना भरून पोराबाळांसह राहणारं कुटुंब, दोघंही कायद्याच्या एकाच खणात. मुदत संपल्यावर राहिलात तर दुप्पट दराने भरपाई. वीस वर्षांच्या एक्सेलचा पाया हा असा आहे.

आता काकांकडे वळू. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "आपल्या मराठी माणसाला स्वतःचं छप्पर लागतंच, ते रक्तातच आहे." हे ऐकलं की मला त्यांच्याच वडिलांची आठवण होते. त्यांनी उभा जन्म गिरगावात भाड्याच्या दोन खोल्यांत काढला, चार मुलं वाढवली, आणि अखेरपर्यंत त्यांना बेघर असल्यासारखं वाटलं नाही. असे ते एकटे नव्हते. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात एक आकडा आहे: भारतीय शहरांमधल्या घरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ साली ५४ टक्के होता, २०११ साली तो २८ टक्क्यांवर आला. म्हणजे साठ वर्षांपूर्वी शहरात भाड्याने राहणं हीच रीत होती. लालबाग-परळच्या गिरणगावापासून पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांपर्यंत माणसं भाड्याने जन्मली, भाड्यानेच म्हातारी झाली. घर बांधायचं ते निवृत्तीनंतर, फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आल्यावर, आणि तेही बरेचदा गावाकडे. पगारदार माणसाला घरासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज देणं हाच धंदा असलेली एचडीएफसी निघाली १९७७ साली. तिशीत घर घेणं हे रक्तात वगैरे काही नाही. ते दोन पिढ्यांचं वळण आहे, आणि ते लागण्यामागे कारणं आहेत.

काकांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो टाळता येणार नाही. ते म्हणतात, आम्ही नव्वदच्या दशकात कोथरूडला घेतलं, पोटाला चिमटा काढला, आज त्याची किंमत बघ. शिवाय हप्ता ही सक्तीची बचत असते. एसआयपी करेन म्हणणारा पुतण्या दर दिवाळीला नवा फोन घेतो. हे खरंच आहे. उरलेले अठ्ठावीस हजार दर महिन्याला न चुकता बाजूला टाकणारी माणसं मीही फार पाहिलेली नाहीत. पण कोथरूडच्या गोष्टीत आपण फक्त पोहोचलेल्यांची बोलणी ऐकतो. ज्यांचा प्रकल्प आठ-आठ वर्षं स्लॅबवर अडकला, जे भाडं आणि हप्ता दोन्ही भरत राहिले, ते लोक वास्तुशांतीच्या पंगतीत भाषणं करत नाहीत. त्यांची वास्तुशांतीच झालेली नसते.

मग मी म्हणतो ते काय? भाड्याने राहणाऱ्याला मुदतीची हमी द्या. इथे सगळ्यात जोरदार हरकत येते ती घरमालकांकडून, आणि ती काल्पनिक नाही. ती इतिहासातून आलेली आहे. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत, १९१८ साली, मुंबईत भाडी गोठवणारा कायदा आला. दुसऱ्या युद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढी घेत घेत अर्धशतक टिकला. रुपयाची किंमत मातीमोल झाली तरी दक्षिण मुंबईत माणसं शंभराच्या आत भाडं भरत राहिली. मालकाने दुरुस्ती कशातून करायची? चाळींना टेकू लागले, काही पडल्या, माणसं मेली. पागडीचा, म्हणजे भाड्याची जागा देताना वरून मोठी रोख रक्कम घेण्याचा, काळा व्यवहार फोफावला. कायद्यातून सुटण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी 'परवानगी' द्यायला सुरुवात केली, तर सरकारने कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना थेट भाडेकरू ठरवून टाकलं. रात्री पाहुणा म्हणून झोपलेला सकाळी घरचा झाला. त्या धसक्याने ज्यांनी तेव्हा घरांना कुलपं लावली त्यांच्या मुलांना आज तुम्ही 'भाडेकरूला हमी द्या' म्हणालात तर ते अंगावर येणारच. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. त्यातली सगळी काही भीतीपोटी बंद नव्हती, पण भीतीपोटी बंद घरं तुम्हालाही दोन-चार माहीत असतील. माझ्या ओळखीच्या एक आजी सदाशिव पेठेतला रिकामा फ्लॅट दर आठवड्याला उघडून झाडून घेतात. "पैसे नकोत गं बाई, पण घर हातचं जायला नको," हे त्यांचं वाक्य.

हे सगळं कबूल करूनही मला त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. जुन्या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठीत बांधल्या होत्या: राहण्याची हमी आणि गोठवलेलं भाडं. शहराची वाट लावली ती दुसऱ्या गोष्टीने. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदींना काळाच्या ओघात मनमानी बनलेल्या ठरवलं, आणि नंतरच्या कायद्याने जुन्या भाडेकरूंना वर्षाला चार टक्के वाढ लावली. म्हणजे भाडं वाढू शकतं आणि माणूस राहूही शकतो, हे आपल्याच कायद्याला जमतं. फक्त ते जुन्या पागडीवाल्यांपुरतं ठेवलंय, तेही नाममात्र भाड्याच्या पायावर. नव्या माणसाला आपण गाठ न सोडवता दोरीच तोडून दिली. गोठलेलं भाडं गेलं, सोबत हमीही गेली. औषधाचा डोस जास्त झाला म्हणून रोग्याला औषधच बंद करावं, तसा हा न्याय.

बाहेर हे कसं चालतं ते बघायला परदेशाचे दाखले देणं मला फारसं आवडत नाही, कारण तिथलं सगळं इथे उपटून लावता येत नाही. पण पुण्यातली निम्मी घरं जर्मनीशी जोडलेली आहेत म्हणून सांगतो. तिथे गेलेल्या मुलांना विचारा. तिथली निम्म्याच्या आसपास कुटुंबं भाड्याने राहतात, करार सहसा बेमुदत असतो, डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि मालकाला घर परत हवं तर कारण द्यावं लागतं. आपला हिंजवडीचा मुलगा तिथे गेल्यावर पाच वर्षं एका घरात राहतो आणि घर घ्यायचं नावही काढत नाही. इथे परतला की सहा महिन्यांत बुकिंग करतो. रक्त तेच, संस्कार तेच. मग बदललं काय?

दाखला द्यायचाच तर मला मुंबईचा जास्त जवळचा वाटतो. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधून भाड्याने दिल्या. त्यातल्या परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. हेच बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा त्या शहरात कोणी त्यांना जागा देईना. पारशी नाव सांगून एका पारशी सरायीत उतरावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या घोळक्याने त्यांना बाहेर काढलं. भाड्याची जागा मागणाऱ्याला आधी जात विचारली जाते, आणि जागा देणारा खासगी माणूस असला की त्याच्या नकाराला दाद मागायची जागा नसते. पुढे तिसाच्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधलं. पुस्तकांसाठी बांधलं हे खरंच, पण बडोद्याचा तो दिवस आठवला की त्या घराचा आणखी एक अर्थ लागतो.

भाचीच्या अडचणींची त्या अनुभवाशी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण आडनावाचा प्रश्न अजून जिवंत आहे. एजंटचा फोन आला की दुसरं वाक्य तेच असतं: "फॅमिली ना? आणि आडनाव काय म्हणालात?" मुसलमानांना नाही, एकट्या बाईला नाही, मटण खाणाऱ्यांना नाही, हे मुंबई-पुण्यात उघड बोललं जातं, आणि मुंबईत मराठी माणसालाही ऐकावं लागलंय. बिल्डरच्या केबिनमध्ये मात्र बहुतेक वेळा आडनावाआधी चेकबुक विचारतात. दरवर्षी उठून नव्या माणसासमोर आपलं खाणंपिणं आणि जातगोत मांडण्यापेक्षा एकदाच बँकेसमोर पगाराच्या स्लिपा मांडलेल्या बऱ्या, असं एखाद्याला वाटलं तर त्याला अर्थशास्त्र कळत नाही असं कोणी म्हणावं? पुतण्याच्या एक्सेलमध्ये या सोसण्याला रकाना नाही.

आणि सरकार? एके काळी ते स्वतः घरमालक होतं. बी.आय.टी. नंतर विसाच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोडला बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या म्हणजे बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या, एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांच्या. त्यांचं गुणगान मी करणार नाही. कोंदट होत्या, सुरुवातीला कामगारही तिथे जाईनात. पण सार्वजनिक पैशातून भाड्याची घरं बांधायची असतात, ही कल्पना तरी होती. आज म्हाडा घरं विकते, तीही सोडतीने. लाखभर लोक अर्ज भरतात, काही हजारांचा नंबर लागतो, आणि बाकीचे अनामत रक्कम परत येण्याची वाट बघतात. घरासारखी गोष्ट जिथे लॉटरीने मिळते आणि त्याचं कोणाला नवल वाटत नाही, तिथे आपण काय काय गृहीत धरून बसलोय ते बघा. २००८ साली एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, भाड्याच्या घरांची योजना काढली होती. तिच्यातली पनवेलजवळच्या कोन इथली घरं शेवटी गिरणी कामगारांना मालकी हक्काने सोडतीत गेली. गिरणी कामगारांचा त्या घरांवर हक्क होताच, तक्रार ती नाही. पण भाड्याच्या घराची कल्पना आपल्या राज्यकर्त्यांच्या हातात टिकत नाही. मालकीचं घर दिलं की किल्ली देतानाचा फोटो निघतो. भाडेकराराचा फोटो कोण छापणार?

इथे कोणी म्हणेल, मग घेणंच सोपं आणि सुरक्षित करा. ते झालंय की, २०१७ पासून रेरा, म्हणजे बिल्डरांना वेसण घालणारा कायदा, पूर्णपणे लागू आहे. रेराने बाजार सुधारला यात शंका नाही. कार्पेट एरियावर किंमत, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी. सुपर बिल्टअपच्या काळात ज्यांनी जिन्याचे आणि लिफ्टचेही पैसे भरले त्यांना याची किंमत कळेल. पण डोंबिवलीच्या त्या ६५ इमारती आठवा. महापालिकेच्या खोट्या परवानग्या तयार करून त्यांवर रेराचा नोंदणी क्रमांकही मिळवला गेला, बँकांनी कर्जं दिली, लोक राहायला गेले, आणि शेवटी उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला. रेरा नंबर बघा, असं आपण पोरांना बजावतो. त्यांनी तो बघितला होता.

शिवाय घाईने घेणारा गिऱ्हाईक कधीच नीट घेत नाही, आणि भाड्याची टांगती तलवार त्याला घाईत लोटते. एका रविवारी मी भाचीबरोबर साइटवर गेलो होतो. सॅम्पल फ्लॅट एखाद्या सिनेमाच्या सेटसारखा: खोल्यांना दारं नाहीत, भिंतभर आरसे, दिवे दुपारीही लावलेले. जावई सहा फुटांच्या आसपास. मी त्याला म्हटलं, जरा त्या पलंगावर आडवा हो. तो लाजत लाजत आडवा झाला तर पोटऱ्यांपासून पाय बाहेर. पलंग खास बुटका करून घेतला होता, खोली मोठी दिसावी म्हणून. सेल्सची मुलगीही हसली, आणि हसता हसता म्हणाली, "सर, आज टोकन दिलंत तर फ्लोअर राइज माफ." फ्लोअर राइज म्हणजे वरच्या मजल्यासाठी लावलेले जादा पैसे. पाणी कुठून येणार विचारलं तर "महापालिकेची लाइन येतेच आहे", तोवर टँकर. जमिनीच्या टायटलचा सर्च रिपोर्ट मागितला तर "बँकेने अप्रूव्ह केलंय ना सर". या सगळ्याला 'नाही, दोन वर्षं थांबू' असं म्हणायची ताकद कोणात असते? ज्याचं सध्याचं घर पक्कं आहे त्याच्यात. भाचीच्या कराराला तेव्हा अडीच महिने उरले होते, आणि मालकाने मेसेजला नुसता अंगठा पाठवून ठेवला होता. नूतनीकरणाला होकार की 'बघू', हे तिला आठवडाभर कळलं नाही.

मग करायचं काय, तर फार क्रांतिकारक काही नाही. करार किमान तीन वर्षांचा, नूतनीकरणाचा पहिला हक्क राहणाऱ्याचा, दरवर्षीची वाढ पहिल्याच दिवशी लिहिलेली. मालकाला स्वतःला राहायला घर हवं असेल तर पुरेशी आगाऊ नोटीस आणि ठरलेली भरपाई. भाडं थकवणाऱ्याला बाहेर काढण्यासाठी मालकाला वर्षानुवर्षं कोर्टात झिजावं लागू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. त्या पेठेतल्या आजींची भीती गेल्याशिवाय कुलूप निघणार नाही. २०२१ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात यातलं थोडं आहे: निवासी जागेचं डिपॉझिट दोन महिन्यांपुरतं, वादांसाठी वेगळी यंत्रणा. मुदतीच्या हमीचं त्यात नाव नाही, आणि तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडलंय. आणि म्हाडाने दर सोडतीतली काही घरं विकू नयेत, भाड्याने द्यावीत, कायमची. यातल्या एकाही गोष्टीने घर घेणारे कमी होतील असं मला वाटत नाही. ज्याला घ्यायचं तो घेईल. पण घेतलं नाही तर आपलं काय होईल या धास्तीने घेणार नाही.

माझ्या भाचीला यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. तिने आणि जावयाने मागच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे दिले. पुनावळ्याचाच फ्लॅट, बाराव्या मजल्यावरचा. फ्लोअर राइज माफ झाला की किमतीतच घातला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दोघांच्या नावावर घेतला. नुसता तिच्या नावावर घेतला असता तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचला असता, पण त्यावर सासरी काय चर्चा झाली ते मी विचारलं नाही. ताबा तीन वर्षांनी. बाहेर टपरीवर चहा घेताना ती फाइल छातीशी धरून उभी होती. जावयाच्या कंपनीत बेंगळुरूला बदलीचं बोलणं चालू आहे म्हणे.

"मामा," ती म्हणाली, "समजा ताबा मिळाल्यावर आम्हाला तिकडे जावं लागलं, तर हे भाड्याने देताना करार अकरा महिन्यांचाच करायचा ना? जास्तीचा केला आणि कोणी बसूनच राहिलं तर?"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि हो म्हणालो.